सत्तरपैकी एकोणसत्तर

लोक मला विचारतात, "भाऊ, तुमच्याजवळ एवढे किस्से येतात कुठून?" आता काय सांगायचं! मी काही आणायला जात नाही. रविवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर करतो, चार कट चहा सांगतो, आणि बसतो. चहा संपेपर्यंत एखादा नवीन किस्सा टेबलावर पडलेला असतो. बरं, तो पडला की उचलून फेकता येत नाही. जुन्यावर नवा, नव्यावर आणखी नवा, अशी नुसती थप्पी लागली आहे.

माझं प्रताप नगरात चष्म्याचं दुकान आहे. रविवारी बंद असतं. पण माझ्याकडे चांगली भिंगं आहेत, टेबलाला वाकवता येणारा पांढरा दिवा आहे, म्हणून नाणी जमवणारे आम्ही चौघं तिथंच बसतो. एक मी. दुसरे वानखेडे सर, बत्तीस वर्षं गणित शिकवून रिटायर झालेले. तिसऱ्या मीनाताई गजभिये, रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्यांनी आयुष्यभर लोकांचं रक्त तपासलं. आणि चौथे देवरावजी भोयर. पारशिवनीजवळ त्यांची कापसाची आणि संत्र्याची शेती आहे, बस धरून येतात आणि सगळ्यांच्या आधी पोचतात.

आमचा नाद आजकालच्या चांदीच्या नाण्यांचा. शिवराई, मोगलांचे रुपये, त्यात आम्ही पडत नाही. टांकसाळीतून कोणाच्या स्मरणार्थ निघतात ती नाणी, किंवा परदेशातली ती एक औंसाची, गोल गरगरीत. ही नाणी दुकानात चालत नाहीत. खिशात ठेवता येत नाहीत. बोट लागलं की डाग पडतो, म्हणून हातातही घेता येत नाहीत.

मग करायचं काय त्यांचं? तर ग्रेडिंगला पाठवायचं!

ग्रेडिंग म्हणजे नाण्याची परीक्षा. दूरच्या गावी कंपनी असते. तिथले लोक नाणं तपासतात, सत्तरपैकी मार्क देतात, आणि कडक पारदर्शक प्लास्टिकच्या चपट्या डबीत कायमचं बंद करून परत पाठवतात. त्या डबीला स्लॅब म्हणतात. सत्तर म्हणजे भिंगातूनही दोष नाही. फी आधी भरायची. पास झालं तरी तीच, नापास झालं तरी तीच.

आम्हाला वाटलं, सोपं आहे!

*

पहिला नंबर वानखेडे सरांनी लावला.

सरांकडे दोन नाणी होती, एकाच दिवशी, टांकसाळीच्या एकाच खिडकीवरून घेतलेली. दोन्ही कोरी करकरीत. आम्ही चौघांनी भिंगातून पाहिली, काही फरक नाही. सर म्हणाले, "दोन्ही सत्तर. लिहून देतो."

दीड महिन्यानं पार्सल आलं. एक सत्तर. दुसरं एकोणसत्तर.

सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी दोन्ही स्लॅब दिव्याखाली ठेवले आणि शोधायला लागले. मग मी शोधलं. मग मीनाताईंनी. देवरावजींनी तर स्लॅब उलटा करून, तिरपा करून, डोळा मिटून पाहिला. तो एक मार्क कुठं गेला ते काही सापडेना!

"प्लास्टिकमुळे दिसत नसेल," मी म्हणालो.

"मग त्यांना दिसला कसा?" सर म्हणाले.

"त्यायनं प्लास्टिकच्या आंधी पाहिला न, सर," देवरावजींनी समजावलं.

सर काही ऐकेनात. त्यांनी कंपनीला चांगलं दोन पानी पत्र पाठवलं. कोणत्या मुद्द्याला किती मार्क, एक मार्क नेमका कशाचा कापला, पुनर्तपासणीचा नियम काय, सगळं क्रमानं विचारलं. उत्तर एका ओळीचं आलं: ग्रेड हे आमच्या तज्ज्ञांचं मत आहे.

"मत?" सर ओरडले. "मार्क म्हणजे मत असतं का?"

त्या दिवशी सरांच्या मिसेस त्यांना न्यायला आल्या होत्या. त्या दारातच उभ्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, "बत्तीस वर्षं तुम्ही पोट्ट्यांले हेच करून राहिले होते न? आता समजलं कसं वाटते ते?"

*

देवरावजींचं प्रकरण वेगळंच झालं.

त्यांच्या सासऱ्यांनी लग्नात त्यांना दहा रुपयांचं चांदीचं मोठं नाणं दिलं होतं. इतकी वर्षं ते कागदात गुंडाळून पेटीत होतं, आणि त्यावर अशी सुंदर झाक चढली होती की काय सांगू! कडेला जांभळी, आत निळी, मध्ये सोनेरी. मोराच्या मानेसारखी. सर म्हणाले, "देवरावजी, ही झाक म्हणजे या नाण्याचं सगळं सौंदर्य. हिला धक्का लावू नका. आहे तसंच पाठवा."

देवरावजी म्हणाले, "धक्का कोण लावते? घरून सरळ कुरियरले नेतो."

नेलं. दोन महिन्यांनी स्लॅब आला. मार्काची जागा कोरी होती! तिथं लिहिलं होतं 'क्लीन्ड'. आत नाणं पांढरंफेक, नव्या वाटीसारखं. झाक कुठंच नाही.

"हे आपलं नाणंच नाही," सर म्हणाले. "बदललं!"

मीनाताई म्हणाल्या, "पोलिसात जाऊ."

देवरावजी हळूच म्हणाले, "थांबा. घरी विचारून येतो."

पुढच्या रविवारी हकीकत कळली. पाठवायच्या दिवशी सकाळी देवरावजी आंघोळीला गेले होते. वहिनींनी नाणं पाहिलं. म्हणाल्या, परीक्षेले पाठवून राहिले, अन् तोंड असं काळंनिळं? माझ्या बापाचं नाणं आहे, लोक काय म्हणतील? आणि त्यांनी चिंच लावून, वर रांगोळीनं घासून, धुऊन, पदरानं पुसून कागदात परत ठेवलं.

"मंग तुम्ही त्यायले सांगितलं नाही का, की नापास काहून झालं?" मीनाताईंनी विचारलं.

"सांगाले गेलो होतो," देवरावजी म्हणाले. "पण पोरीनं त्याच्यावरचं वाचून दाखवलं न आंधीच. क्लीन्ड म्हणजे काय तर म्हणे स्वच्छ केलेलं. आमची मंडळी एवढी खूश झाली! मले म्हणते, पाहा, एवढ्या दूरचे लोक, पण त्यायले कळलं. घरच्यायले कधी कळत नाही!"

तो स्लॅब आता देवघरात आहे. वहिनी दर शुक्रवारी प्लास्टिक घासतात.

*

एकदा देवरावजींना तीन नाणी पाठवायची होती आणि मी दुकानात अडकलो होतो, म्हणून ते एकटेच कुरियरच्या ऑफिसात गेले.

फॉर्मवर एक रकाना असतो, आत काय आहे. खरं लिहावं तर चांदीची नाणी. पण देवरावजींनी मागं वळून पाहिलं तर लाइनीत सातआठ लोक. सगळ्यांची नजर फॉर्मवर. निदान देवरावजींना तसं वाटलं. चांदी लिहिलं तर पार्सल पोचेल का? त्यांनी क्षणभर विचार केला आणि लिहून टाकलं, 'सुपारी'.

पाठवणाऱ्याचा फोन म्हणून माझ्या दुकानाचा नंबर दिला. मला हे काहीच माहीत नव्हतं.

चार दिवसांनी दुपारी मी आतल्या खोलीत एका गिऱ्हाइकाचे डोळे तपासत होतो. नंबर काढायची ती जड लोखंडी फ्रेम त्यांच्या नाकावर. ते वाचत होते, "म, र, च..." इतक्यात बाहेर फोन वाजला. शोभानं, म्हणजे माझ्या बायकोनं, उचलला.

पलीकडचा माणूस म्हणाला, "देवराव भोयर आहेत का? त्यांची सुपारी अडकून राहिली. पार्टी सापडून नाही राहिली."

शोभा पांढरीफटक पडून आत आली. म्हणाली, "अहो, देवरावजीनं कोणाची सुपारी दिली?"

गिऱ्हाईक फ्रेमसकट उठून उभं राहिलं!

मीही घाबरलो. देवरावजींसारखा माणूस? जो मुंगीसुद्धा फुंकर मारून बाजूला करतो? मी फोन लावला तर ते वावरात. आवाज तुटत होता. मी विचारलं, "देवरावजी, सुपारी?" ते म्हणाले, "हो, मीच देली. तीन आहेत. हळू बोला गा!"

तीन! शोभा खुर्चीवर बसलीच.

उलगडा झाला संध्याकाळी. पार्सलवरचा पत्ता भिजला होता, म्हणून ते कुठंतरी पडून होतं. पोचलं शेवटी, पण डबा चेपून. तिन्ही नाणी आतल्या आत एकमेकांवर घासली होती. त्यांचे मार्क काय आले ते विचारू नका.

भरपाई मागायला मी आणि देवरावजी दोघं गेलो. काउंटरवरच्या माणसानं फॉर्म काढला आणि म्हणाला, "इथं सुपारी लिहिली आहे. सुपारीच्या भावानं वजनावर भरपाई मिळेल."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. खोटं आम्हीच लिहिलं होतं, भांडायचं कोणत्या तोंडानं? मी देवरावजींचा हात धरून निघालो. पण ते दारातून परत गेले आणि काउंटरवर वाकून म्हणाले, "मंग भाऊ, भाव तरी चिकणीचा लावा गा!"

*

मीनाताईंसारखं नाणं जपणारा माणूस मी पाहिला नाही. हातमोजे घालतात, तोंडाला मास्क लावतात. नाण्यावर श्वाससुद्धा पडू देत नाहीत. त्यांच्याकडे एक परदेशी नाणं होतं, एका बाजूला पंख पसरलेला पक्षी. त्याला सत्तर मिळाले. पूर्ण सत्तर! त्या दिवशी त्यांनी आम्हाला तर्री-पोहे खाऊ घातले.

वर्षभर स्लॅब कपाटात होता, मखमलीच्या पिशवीत. एका रविवारी त्या आल्या आणि तो माझ्यासमोर ठेवला.

"भाऊ, तुम्ही डोळ्यांचे. जरा पाहा. माझ्या पाखराले मोतीबिंदू झाला."

मी पाहिलं. खरंच, पक्ष्याच्या नेमक्या डोळ्यावर दुधाचा थेंब पडावा तसा पांढरा डाग होता. मी स्लॅब पुसला. डाग आतला! बंद प्लास्टिकच्या आत, जिथं हवासुद्धा जात नाही म्हणतात.

मीनाताईंनी कंपनीला विचारलं. उत्तर आलं की चांदीच्या नव्या नाण्यांवर असे डाग नंतरही उमटू शकतात, धातूतूनच येतात, आमच्या हमीत ते बसत नाहीत. ग्रेड आम्ही दिली त्या दिवशीची आहे.

"असं कसं?" मीनाताई म्हणाल्या. "मी तीस वर्षं रिपोर्ट देले. रिपोर्ट नॉर्मल अन् पेशंट आजारी, असं एखाद्या वेळेस झालं असन. पण पेशंट सीलबंद डब्यात होता न बाप्पा!"

त्यांचं मन उडालं. विकून टाकते म्हणाल्या. एक गृहस्थ घ्यायला आले. त्यांनी भिंग मागितलं आणि स्लॅबवरचं लेबल दोनदा वाचलं. नाण्यावर भिंग नेलंच नाही. मीनाताईंना राहवेना. त्या म्हणाल्या, "दादा, खरं सांगते, डोळ्यावर डाग आहे. पाहून घ्या."

ते गृहस्थ चकित झाले. म्हणाले, "ताई, सत्तर लिहिलं आहे न? मंग डाग कसा राहीन?"

आणि घेऊन गेले!

*

आता माझं स्वतःचं सांगतो, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांचंच सांगतो.

माझ्याकडे टांकसाळीचं एक सीलबंद पाकीट होतं. छान छापील पुठ्ठा, आत खिडकी, खिडकीत चांदीचं नाणं. आता प्रश्न असा, की ग्रेडिंगला पाठवायचं तर पाकीट फोडावं लागतं. आणि पाकीट फोडलं की ते सीलबंद राहत नाही. न फोडावं तर नाण्याला मार्क किती ते कळत नाही. फोडावं तर मार्क कळतात, पण मार्क कमी आले तर फोडलेलं पाकीट काही परत जुळत नाही.

यावर आम्ही तीन रविवार बोललो. सर म्हणाले, फोडा. मीनाताई म्हणाल्या, फोडू नका. देवरावजी म्हणाले, "अर्धं फोडा."

शेवटी मी ब्लेड घेतलं आणि कडेनं फोडलं. नाणं गेलं. परत आलं ते सहासष्ट होऊन! सहासष्ट म्हणजे या नव्या नाण्यांत काहीच नाही. पाकिटातच इकडंतिकडं घासलं गेलं असेल, किंवा निघालं तेव्हाच तसं असेल. कोण सांगणार?

मी स्लॅब आणि रिकामा पुठ्ठा दोन्ही काउंटरच्या काचेखाली ठेवले. आठवड्याभरात अमरावतीचे एक संग्राहक आले. स्लॅबकडे त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि एकदम वाकले. "हा पुठ्ठा विकायचा आहे का?"

"रिकामा आहे," मी म्हणालो.

"रिकामाच पाहिजे! माझ्याकडे नाणं आहे, पुठ्ठा नाही."

मी जरा मोठी रक्कम सांगून पाहिली, ते हो म्हणाले. स्लॅबला कोणी त्याच्या निम्मेही देत नव्हतं. पुठ्ठा गेल्यावर तर मुळीच देईना, कारण लोक विचारायला लागले, "याचा पुठ्ठा कुठं आहे?"

रात्री जेवताना मी शोभाला सगळं समजावून सांगितलं. तिनं पोळी वाढता वाढता एवढंच विचारलं, "मग पुढच्या वेळी नाणं कशाले घेता? नुसता पुठ्ठाच घेऊन या न!"

*

वानखेडे सरांच्या डोक्यातून तो एक मार्क मात्र गेला नाही. एका रविवारी ते दोन्ही स्लॅब घेऊन आले आणि म्हणाले, "भाऊ, पकड द्या."

"काहून?"

"तपासणाऱ्याला तपासायचं आहे. दोन्ही फोडतो आणि कोरी म्हणून परत पाठवतो. बघू आता काय म्हणतात."

"सर, एकोणसत्तरवाला फोडा," मी हात जोडले. "सत्तरवाला कशाला?"

"परीक्षा सगळ्यांची सारखी," सर म्हणाले.

मीनाताई उठून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यानं बघवलं नाही. काड, काड, असे दोन आवाज आले, बस्स.

दोन्ही नाणी गेली. परत आली. एकोणसत्तर आणि एकोणसत्तर!

आम्हाला वाटलं सर रागावतील. ते रागावले नाहीत. दोन्ही स्लॅब समोर ठेवून नुसते पाहत राहिले. मग म्हणाले, "यातला माझा सत्तरवाला कोणता?"

हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. दोन्ही सारखीच दिसतात, खूण करता येत नाही, आणि कंपनीनं कोणतं आधी बंद केलं कोणाला माहीत! त्या दिवशी बारा वाजेपर्यंत आम्ही चौघं तेच शोधत होतो. शेवटी सरांनीच निकाल दिला. डावीकडचा स्लॅब उचलून म्हणाले, "हे जरा उदास दिसतं. हेच असेल."

*

आता हा शेवटचा सांगतो. हा मी फार लोकांना सांगत नाही, कारण सांगून झाल्यावर लोक मलाच विचारतात, "मग कोणाचं?", आणि मला काही सांगता येत नाही.

आमच्या मागच्या गल्लीत वत्सलाबाई म्हणून एक बाई राहत. माझ्याकडूनच चष्मा नेत. त्यांचे मिस्टर भूमिअभिलेखच्या ऑफिसात लिपिक होते. त्यांचं हस्ताक्षर म्हणजे छापल्यासारखं. गल्लीतल्या लग्नपत्रिकांवर नावं घालायची तर त्यांनीच. ते जाऊन वर्ष झालं होतं. मूलबाळ म्हणजे एकच मुलगी, ती लग्न होऊन रायपूरला. आता वत्सलाबाई घर बंद करून तिच्याकडे जाणार होत्या.

त्या एका रविवारी डबा घेऊन आल्या. त्यात चांदीची अकरा नाणी निघाली. मिस्टरांनी घेतलेली. बाईंना माहीत होतं की ते नाणी घेतात, पण त्यांनी कधी उघडून पाहिली नव्हती. प्रत्येक नाणं वेगळ्या लिफाफ्यात, आणि लिफाफ्यावर त्यांच्या अक्षरात सगळी माहिती. कधी घेतलं, कुठून घेतलं.

"मी हे रायपूरले नेऊन काय करू?" बाई म्हणाल्या. "ज्याले आवड असन त्याच्या घरी जाऊ द्या. तुम्ही सांगा कसं विकायचं ते."

त्यातलं सगळ्यांत मोठं नाणं गोल, कडक पारदर्शक डबीत बंद होतं. लिफाफ्यावर लिहिलं होतं, 'उत्तम. उघडू नये.' आम्ही डबीतूनच पाहिलं. डबीवर चरे होते, पण आतलं नाणं चमकत होतं. सर म्हणाले, हे आधी ग्रेडिंगला पाठवू, चांगले मार्क आले तर बाकीच्यांनाही नीट गिऱ्हाईक मिळेल. बाई हो म्हणाल्या. डबी आम्ही उघडली नाही, तशीच पाठवली; बाकीची दहा नाणी डब्यासकट माझ्याकडेच दुकानात राहिली.

दोन महिन्यांनी स्लॅब आला. मार्क नाहीत. लेबलवर लिहिलं होतं, 'ग्राफिटी'.

"हे काय असते?" देवरावजींनी विचारलं.

"कोणी नाण्यावर मुद्दाम काही कोरलं असलं की तसं लिहितात," सर म्हणाले. "पण यावर तर काही नव्हतं."

मी दिवा अगदी खाली, तिरपा केला. उजेड आडवा पडला तेव्हा खालच्या कडेला बारीक ओरखडे दिसले. मी मोठं भिंग लावलं. ओरखडे नव्हते, अक्षरं होती. टाचणीच्या टोकानं कोरावीत तशी.

मी वाचलं आणि भिंग सरांकडे दिलं. सरांनी वाचलं, मीनाताईंना दिलं. मीनाताईंनी देवरावजींना. चौघांनी वाचून झाल्यावर देवरावजी म्हणाले, "मले जे दिसून राहिलं, तेच तुमाले दिसलं का?"

तेच दिसलं होतं. 'विकू नको.'

आता बाईंना सांगायचं कोणी? मीनाताईंनी फोन केला, फक्त एवढंच म्हणाल्या की नाणं आलं आहे, येऊन पाहून जा. अर्ध्या तासात बाई आल्या. मी त्यांना खुर्ची दिली, भिंग नीट लावून दिलं, दिवा धरला. त्या वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

मग मान वर न करताच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही काय वाचलं?"

मी सांगितलं.

"हं," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, मलेच तसं दिसून राहिलं."

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मीनाताईंनी बाईंच्या पाठीवर हात ठेवला. बाईंनी ती दहा नाणी आणि हा स्लॅब, सगळं डब्यात भरलं, झाकण लावलं.

"राहू द्या मंग," त्या म्हणाल्या. "घेऊन जाते रायपूरले. एका डब्याचं काय ओझं होते!"

"बरोबर आहे, ताई," सर म्हणाले. "जाता जाता का होईना, त्यांनी मनातलं सांगून ठेवलं."

बाईंनी मान हलवली. डबा छातीशी धरून त्या निघाल्या. अर्ध्या शटरखालून वाकल्या, बाहेर गेल्या, पायरीवर थांबल्या. मग तिथूनच परत वाकून आत पाहिलं.

"पण भाऊ," त्या म्हणाल्या, "हे अक्षर त्यायचं नाही."